शेजारच्या ट्रकाचं डोकं

आरमोरीच्या बसस्टँडवर रीता गडचिरोलीच्या बसची वाट पाहत होती. मागच्या बाकावर एक ट्रक ड्रायव्हर ओळखीच्या शेतकऱ्याशी बोलत होता.

"गुणवंतभाऊ, आमच्या पोरीनं, आफ्रीननं, माह्या ट्रकमधी कॅमेरा अन् कंप्यूटर बसवला. समोर काय हाय, ते पाहते."

"इतका हुशार हाय, अयूबभाई?"

"नाई ना, लहानसाच हाय. जड हिशोब झेपला नाई, का जवळच्या ट्रकातल्या कंप्यूटरले देते. तो करून लगेच परत पाठवते."

"दुसऱ्याचा ट्रक आपलं काम काऊन करंन?"

"तुमच्या धानाच्या रोवण्याले शेजारी येतेच ना? तसंच."

गडचिरोलीची बस लागली. पुढचं ऐकायला रीता बसूनच राहिली.

"मंग ह्या नव्या मशीनच्या चाचणीले ड्रायव्हर कोण?" गुणवंतभाऊंनी विचारलं.

"मीच. तिनंच नाव देल्लं. काल जंगलात धुकं होतं, मले काई दिसे ना. कॅमेऱ्यातल्या धूसर चित्राचा हिशोब मागच्या ट्रकनं केला अन् माह्या ट्रकनं आपोआप ब्रेक मारला. समोर चितळांचा कळप!"

"बापा! पोरीले सांगतलं?"

"तवाच फोन केला. विचारते, 'अब्बा, चितळं वाचले का?'"

"अन् तुमचं नाई विचारलं?"

"माहं काऊन विचारंन, भाऊ? मी तं वाचनारच, मशीन तिनं बनवली हाय!"