घोंगड्यातला बीजाणू

—न्हाय न्हाय सर, चपला ऱ्हाऊ द्या, या की आत. ते बगा, पडवीत बाजल्यावर घोंगडं दिसतंय न्हवं, त्याच्यात आमचं मालक हायत. नमस्कार घालू नगासा, घेणार न्हाईत. तुमीच केलंय हे — आता खाली काय बगतायसा, च्या घ्या. आमच्या गडमुडशिंगी गावच्या देवळात तुमी येऊन मातीतल्या जिवाणूंचं भाषण दिलासा, आन् आदल्याच दिवशी हे दूध संस्थेच्या निवडणुकीत चेअरमनपदावरनं पडलेलं. वेळ कशी साधलासा बगा! तुमी म्हणालासा, खायाला सपलं की त्यो जिवाणू मरत न्हाय, बीजाणू हुतोय, म्हंजे भवती जाड कवच करून आत सुकून पडतोय — खात न्हाय, वाढत न्हाय, उन्हाला दाद देत न्हाय, थंडीला देत न्हाय — आन् दिवस बरं आलं की उठतोय. बाकीची गडीमाणसं जांभया देत हुती. ह्यांनी तेवढं मनावर घेतलं. घरी आलं, घोंगडं ओढलं, मला म्हणालं, आक्काताई, परिस्थिती अनुकूल न्हाय, मी आता बीजाणू हाय. जेवत्यात का? ताट आत सरकवलं की चाटून पुसून भाईर येतंय — हे तुमच्या शास्त्रात बसतंय का तुमीच सांगा.

मी काय गप बसले व्हय? तुमीच सांगितलासा, पैली जरा ऊब लागती, मग पाणी, आन् ज्याला जे मानवतं ते खाणं — त्याची चव आत पोचली की पाणी पिऊन फुगतोय, कवच टाकतोय, झालं, लागला वाढीला. म्हणून बाजलं ओढलं उन्हात. गुळाचा खडा लावला नाकाला. दूधकट्ट्यावर म्होरं पिळलेलं धारोष्ण दूध आणलं. तांबडा रस्सा उशाला ठेवला, तवा घोंगडं चांगलं फुगलं — मी म्हटलं आलं आता भाईर — तर नुसता ढेकर. परत थंड.

पर खरं सांगू सर? हे पडल्यापास्नं दूध घालाय मीच जाते. तिथं चार बायका भेटत्यात, काय काय ऐकाय मिळतंय. घरी येते, बाजल्यापशी बसते, आन् सांगते ह्यास्नी सगळं. लगीन झाल्यापास्नं बोलायचं ते ह्यांनीच — सकाळी संस्था, दुपारी संस्था, जेवताना दुधाची फॅट. आता मी बोलते, हे ऐकत्यात. म्हशीचं सांगते, गुडघ्याचं सांगते, थोरली जाऊ माज्या आईला काय बोलली हुती ते सांगितलं — कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लई बरं वाटतंय वो. लई बरं. फकस्त एक भ्या हाय. तुमी म्हणालासा, एकदा चव लागून बीजाणू उठला न्हाय तरी ती वाया जात न्हाय, आत थोडी थोडी साठत ऱ्हाती, आन् मग कवातरी भसकन उठतोय. मग माजं बोलणंबी साठतंय का आत? तेवढंच इचारायला बोलावलं तुमास्नी. उठवायला? कुणी म्हटलं उठवायला? निरोपात म्हटलं असंल, लोकं काय म्हणतील म्हणून.

उठवायचं कशानं ते मला कवाच ठावं हाय. गूळ न्हाय, रस्सा न्हाय. कानाशी जाऊन नुसतं ‘चेअरमन सायेब, तेवढी सही पायजे हुती’ म्हटलं की बास — म्हणून तर मी कुणाला पडवीत फिरकू देत न्हाय, ती संस्थेतली मोना परवा हळदीकुंकवाला आलती तर तिला दारातनंच—

सर. घोंगडं हाललं का वो?

वारं असंल. न्हाय वारं. अगं बाई, पाय आलं भाईर... पेन मागत्यात.

जावा तुमी सर. च्या ऱ्हाऊ द्या, जावा, दार ओढून घ्या. माजं अजून निम्मं सांगायचं ऱ्हायलं हुतं वो ह्यास्नी.