गणिताच्या तासाला गवंडी

...आणि वर शाळेतले मलाच विचारतात, आजोबा, तुमची तक्रार नेमकी काय आहे? आता तुम्हीच सांगा, सात महिने वर्गात गणिताच्या बाई नाहीत, नात दहावीला, आणि तिच्या बापानं, म्हणजे माझ्याच चिरंजीवानं, ठणकावून सांगितलंय की गणितात गेलीस तर शाळा बंद, आत्याबरोबर शिलाईच्या कारखान्यात जायचं... तर माझी तक्रार काय असणार? पंखा आवाज करतो ही?

बाई रजेवर गेल्या, जाऊ देत. बाळंतपणाची रजा, हक्कच आहे, माझं काही म्हणणं नाही. माझी बायको बाळंतपणानंतर महिन्याच्या आत माझ्याच कामावर विटा वाहायला आली होती. तिला कुणी रजा दिली असती तर मी त्याचे पाय धरले असते. पण तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं गवंडीकाम केलं मी. गवंडी आजारी पडला की मुकादम दुसरा आणतो. अर्धी भिंत सोडून पावसाला सांगत नाही, की बाबा रे थांब, आमचा माणूस हक्काच्या रजेवर आहे.

हेच हेडमास्तरांना म्हटलं. पोरं त्यांना 'परिपत्रक' म्हणतात, कारण काहीही विचारा, हा माणूस खणातून कागदच काढतो. काढला. आणि रजेचे प्रकार वाचायला लागला... बाळंतपणाची, मग बालसंगोपनाची, मग अर्जित, मग अर्धपगारी... मी म्हटलं, साहेब, एवढ्या प्रकारांत बदली बाईंचा एखादा प्रकार आहे का? तर म्हणे ते वेगळ्या परिपत्रकात असतं, आणि ते अजून वरून आलेलं नाही. मी वर बघितलं. छताला ओल आलेली.

आणि गंमत ऐका. नात एक दिवस तापानं घरी राहिली, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या कारकुनानं तिला दारात अडवलं, पालकांचा अर्ज आण म्हणून. मला सही येत नाही, मी अंगठा केला. एका दिवसाच्या तापाला माझा अंगठा, मग सात महिन्यांच्या गणिताला कुणाचा? माझं काही म्हणणं नाही, आपलं विचारतो.

मी काही भांडकुदळ माणूस नाही. रोज सकाळी जायचो आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचो. नऊ दिवस बसलो. गिलावा वाळायला वेळ लागतो, तसा साहेबालाही लागत असेल. दहाव्या दिवशी परिपत्रक स्वतः बाहेर आले, इतके गोड, की मला तिथंच शंका यायला हवी होती.

"आजोबा, तुमच्यासारखे जागरूक पालक हवेत. तुम्हाला पालक समितीत घेतलंय. बदली शिक्षक येईपर्यंत गणिताच्या तासाला वर्ग तुम्ही सांभाळायचा."

घ्या. ज्याला कागदावर वजाबाकी मांडता येत नाही, तो गणिताच्या खुर्चीवर. आणि हजेरीच्या वहीत काय लिहिलं, नातीनं वाचून दाखवलं, तर 'तास नियमित झाला'. अशी भिंत मी बांधली असती तर मालकानं मला तिच्यातच चिणलं असतं.

चाळीस पोरं माझ्याकडे बघतायत, मी पोरांकडे. शेवटी पिशवीतली सुतळी काढली, सारख्या अंतरावर बारा गाठी मारल्या, टोकं जोडली, तीन पोरं उभी केली. एका बाजूला तीन भाग, दुसऱ्या बाजूला चार, तिरकस पाच, आता ताणा. काटकोन पक्का. घराचा पाया आम्ही असाच आखतो. नात म्हणाली, आबा, हा तर पुस्तकातला सिद्धांत आहे. असेल बाई, आमच्याकडे तो सुतळीवर चालतो. मग काय, पोरं तीन आठवडे सुतळ्या घेऊन अख्खी शाळा मोजत फिरली, आणि हेडमास्तरांच्या खोलीचा एकही कोपरा काटकोनात नाही हे त्यांनीच शोधून काढलं. माझं काही म्हणणं नाही.

पूर्वपरीक्षा झाली. भूमितीत पोरं तरली, बीजगणितात झाडून सगळी बुडाली. नात दोन्ही मिळून एका मार्कानं पास. बाप म्हणाला, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत बघू. म्हणजे टांगती तलवार तशीच. आणि शाळेनं लगेच पालकसभा घेतली. परिपत्रक उभे राहिले, म्हणाले, आमची शाळा पालकांना उत्तर द्यायला बांधील आहे, गणिताबद्दल गणिताचा तास घेणाऱ्यांना विचारा. आणि बसले. सगळ्या माना माझ्याकडे. पहिलं कोण उठावं? माझी सून. घरात माझ्यापुढे चढ्या आवाजात कधी बोलली नाही, पण तिथं पोरीची आई होती ती.

"मामंजी, बीजगणित का नाही शिकवलंत?"

काय सांगणार? सूनबाई, सुतळीला क्ष बांधता येत नाही? मान खाली घातली, चुकलं म्हटलं. आणि लोक खूश, बरं का. या शाळेत निदान कुणी चूक कबूल तरी करतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुडघा धरला. कारकुनाकडे गेलो, दोन दिवस रजा मिळेल का? तो हसला. "आजोबा, रजा शिक्षकांना असते. तुम्ही पालक." मी म्हटलं, अरे, काल सभेत तर मला शिक्षक म्हणून उभं केलं होतंत. म्हणाला, ते उत्तर देण्यापुरतं.

गेलो आपला लंगडत वर्गावर. काय करता? मी घरी बसलो, तर या शाळेत गणिताला कुणीच उरत नाही.