टाकी संपेपर्यंत

समीक्षा : थांबा बाबा, ह्या छोट्या विमानाच्या इंजिनाची ती तेलाची सुई आता परत फिरवू नका. आधी मला सांगा, आजवर काय काय बदलून झालंय?

गुरुदास : काय बदलूक नाय ता इचार! ग्लो प्लग नवो घातलंय. नळी नवी घातलंय. सुई काडून धुतलंय. टाकीत फेस येता काय म्हणान खाली स्पंज घातलंय. टाकी वायच वर घेतलंय, मगे वायच खाली घेतलंय. आता ह्या इंजिनाचो बदलूचो रवलो तो फक्त मालक.

सावित्री : तो बदलूच्या आधी माका इचारा.

गुरुदास : बघ! हय माजो जीव चल्लो आणि तुज्या आवशीक मस्करी सुचता.

समीक्षा : आणि एवढं करून मधेच बंद पडतं.

गुरुदास : सदाच मदी पडला असता तर बरा गो. कायतरी धरूक गावला असता. ह्या एक दिवस पुरी टाकी चलता, लोण्यासारख्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्यार गप! तेच तेल, तीच सुई, तोच वारो. विमानतळाच्या वर्कशॉपात फिटर होतंय तेवा एवढी एवढी मोठी इंजिना माज्या हाताखालसून गेली. आणि ह्या लिंबाएवढा इंजिन माका नाचवता. शिरा पडो तेच्या तोंडार!

सावित्री : सकाळच्या पारी तेका कित्या गाळी घालतास? तेचो काय दोष?

गुरुदास : तेचो नाय तर कोणाचो? मी आता ठरवलंय. आज सुकती आसा, पाणी खाली गेला आसा, तवसर पुळणीर उडवून बघतंय. आज पुरी टाकी चलला नाय तर संपला. नांदगावचो धोंडू कधीपासून मागता, हॉटेलाच्या भिंतीर टांगूक. तेका देवन टाकतलंय.

समीक्षा : बाबा, काहीतरीच काय!

सावित्री : देवचा नाय.

गुरुदास : तुका काय झाला? तूच म्हणी, म्हातारपणी पोरखेळ कशाक म्हणान.

सावित्री : म्हणी. पण देवचा नाय म्हणजे नाय.

समीक्षा : अगं आई, तुझ्या डोळ्यांत पाणी आलंय?

सावित्री : वारो आसा. रेव उडता.

समीक्षा : धोंडूकाकाला वगैरे काही द्यायचं नाही. मला आठवतंय, मी शाळेत होते तेव्हा ह्याच पुळणीवर तुम्ही मला मधे उभं केलं होतंत. हातात मूठ, मुठीपासून विमानापर्यंत दोन तारा, आणि विमान माझ्याभोवती गोल गोल. त्याच्याबरोबर मीही गरगर. बंद करा, बंद करा म्हणून केवढी ओरडले होते मी!

गुरुदास : बंद कसा करतलंय? मुठीन विमान फक्त वर-खाली करूक येता. एकदा उडला की टाकी संपासर गप फिरत रवाचा. मी सांगी होतंय, जमिनीकडे बघा नको, विमानाकडे बघ. तू बघलंस आपल्या पायांकडे, आणि मगे माज्या चपलेर वकलंस.

समीक्षा : ते नाही विसरत तुम्ही! बरं, आता माझं ऐका. आमच्या कंपनीत इंजिन टेस्टला आलं की उघडायच्या आधी ऐकायचं असतं. बंद पडताना आवाज कसा होतो?

गुरुदास : बरो चलता, भरलेलो, जाडो. मगे एकदम बारीक जाता, वरच्या पट्टीत. आणि गप.

समीक्षा : मधे अडखळतं? फटफट करतं?

गुरुदास : छ्या! अजिबात नाय.

समीक्षा : आणि उतरल्यावर टाकीत काही उरतं?

गुरुदास : थेंब नाय.

समीक्षा : मग बाबा, ह्यात बिघाड कुठे आहे? इंधन संपलं की इंजिन असंच बंद पडतं.

गुरुदास : माका शिकवतंस? संपता ता माका पण दिसता गो! पण पुऱ्या टाकीचा तेल अर्ध्यार संपता कसा?

समीक्षा : गळत असेल.

गुरुदास : माजी टाकी? स्वतः पत्रो कापलंय, स्वतः डाग दिलंय. ती गळतली?

समीक्षा : बघायला काय जातंय? पाण्यात बुडवते आणि फुंकते. बुडबुडे आले तर आले.

गुरुदास : अगो खाऱ्या पाण्यात नको! गंज धरतलो. ह्या घे, पिण्याच्या पाण्याचो डबो घे.

(समीक्षा टाकी डब्यात बुडवून नळीतून फुंकते, एक बाजू, मग दुसरी. एकही बुडबुडा येत नाही. सावित्री समुद्राकडे तोंड करून उभी.)

गुरुदास : बघलंस? सांगलंय ना! माजो डाग तो.

समीक्षा : मान्य. गळत नाही.

गुरुदास : एक सांगू? हसा नको हां. माका कधी कधी वाटता, ह्या इंजिनाक माजी तब्येत कळता.

समीक्षा : म्हणजे?

गुरुदास : रात्री माका बरी झोप लागली काय सकाळी ता पुरा चलता. रात्री उठबस झाली, अंग जड आसला, काय ता पण लवकर दमता. अगो खरा सांगतंय. गेल्या म्हयन्यात माका घेरी येय होती, तर ह्या मेला चार घिरट्या मारून खाली.

समीक्षा : घेरी? कसली घेरी?

गुरुदास : काय नाय गो. वयाची.

समीक्षा : आई, कसली घेरी?

सावित्री : सांगा तिका. तुमीच सांगा.

गुरुदास : कानाचा कायतरी आसा. कुडाळच्या डॉक्टरान गोळये दिल्यान. एवढ्याश्या गोष्टीक तुका पुण्याक फोन कशाक करूचो?

समीक्षा : एवढीशी गोष्ट? तुम्ही त्या गोलात उभे राहून गरगर फिरता आणि तुम्हाला घेरी येते, ही एवढीशी गोष्ट? बाबा, मला एक सांगा. टाकी भरतं कोण?

गुरुदास : कोण म्हणजे? तुजी आवस. मी थय मदी जावन तारो बघतंय, मूठ बघतंय, तवसर ती पिचकारीन भरता. वर्सानुवर्सा तीच भरता आणि तीच विमान धरता.

समीक्षा : आई.

सावित्री : माज्याकडे बघा नको गो असा.

समीक्षा : आई, तू अर्धीच भरतेस?

सावित्री : कधी अर्धी. कधी पाऊण. रात्री ते उठले काय माका कळता. सकाळी चप्पल घालताना भिंत धरतत काय ता बघतंय. बरे दिसले तर पुरी भरतंय.

गुरुदास : सावित्री!

सावित्री : ओरडा! आता काय व्हया ता ओरडा.

गुरुदास : अगो मी त्या इंजिनाचो एक एक स्क्रू काडलंय! रात रात सुई पुसत बसलंय. मुंबैच्या विमानवाल्या लोकांका फोन करून लाज काडलंय माजी. आणि तू बाजूक बसान कांदो चिरी होतंस? माका फसवलंस तू!

सावित्री : फसवलंय. परत फसवतलंय. गेल्या वर्सा, हयच, तुमी मदी खाली बसलास. आठावता? एक हात वर, मूठ धरलेली, डोळे मिटलेले. आणि विमान फिरताच आसा. मी हाक मारतंय, तुमी बघणास नाय. मी आत कशी येव? तार मानेक लागली तर मान जायत, तुमीच सांगलेलात. मी भायर उभी रवलंय. टाकी संपासर उभी रवलंय. देवा रवळनाथा, तेल संपव, तेल संपव, म्हणत. तुमका काय म्हायत, कितक्या तेल मावता त्या टाकीत! संपता संपणा नाय.

समीक्षा : आई गं.

सावित्री : उडवा नको म्हणूक माजी जीभ वळाक नाय. आयुष्यभर आमच्यासाठी राबले, तेंका स्वतःचा म्हणान ह्या एवढ्याच. मगे मी काय करू? तेल कमी भरी रवलंय.





समीक्षा : बाबा, रागावलात?

गुरुदास : रागावलंय तर. लय रागावलंय. पण खरा सांगू? ता बंद पडा ना, तेवा मी तोंडान गाळी घाली. आणि मनात म्हणी, बरा झाला. सुटलंय. आणखी एक घिरटी झाली असती तर मी पडलंय असतंय. दर खेपेक माका वाटा, ह्या इंजिन माजी लाज राखता. आणि तेकाच मी दुरुस्त करूक निघालेलंय.

सावित्री : माका सांगूचा नाय होता?

गुरुदास : तुका सांगलंय असतंय तर तू उडवूक दिलं नसतंस.

सावित्री : एवढ्या वर्सांत माका हीच वळाकलास?

समीक्षा : बघा, पाणी वर सरकतंय. भरती लागली. उडवायचं की आवरायचं?

गुरुदास : तुज्या आवशीक इचार. टाकी तिच्या हातात आसा. कितक्याय भरांदे, मी इचारूचंय नाय.

सावित्री : रात्री झोप लागली?

गुरुदास : लागली.

सावित्री : माज्याकडे बघान सांगा.

गुरुदास : दोनदा उठलंय.

सावित्री : मगे आज विमान समीक्षा धरतली. मी तुमच्या वांगडा मदी येतंय.

गुरुदास : तू? तुका गरगरतला!

सावित्री : गरगरांदे. भायर उभी रवान बघूक आता माका जमाचा नाय. तुमच्या पाठी रवतंय, कमरेक धरून. तुमी फिरलात काय मी पण फिरतलंय.

समीक्षा : आणि दोघंही पडलात तर?

गुरुदास : तर रेवेर पडतलों. रेव लागणा नाय. तुजी आवस माज्या अंगार पडली तर मात्र लागतला.

सावित्री : गप रवा. आणि मूठ नीट धरा.

गुरुदास : जमिनीकडे बघा नको हां. विमानाकडे बघ.

सावित्री : विमान बघूक तुमी आसास. मी तुमका बघतंय.

समीक्षा : आई, ही पिचकारी घेतली मी. टाकी किती भरू?

सावित्री : पुरी भर.