तेरवीचा बोर्ड

(गोरेगाव, एक मोठं खेडं. हरीशचं बॅनर छापायचं दुकान. कॉम्प्युटरसमोर हरीश, मागं विश्वंभर आणि त्याची बहीण शिला.)

शिला : पण दादा, यात माय कुठं हाय?

हरीश : ही काय, ताई. खाली, डाव्या कोपऱ्यात.

शिला : आन् मधात हात जोडून हे कोण?

विश्वंभर : बालाजीआण्णा. झेडपीला उभं राहून राहिले. बोर्ड तेच देऊन राहिले.

शिला : माय आपली गेली का त्यांची?

विश्वंभर : असं काहून बोलतीस? तेरवी कधी हाय, लोकायला कळलं म्हंजे झालं.

शिला : आण्णा उभे हायेत, हे कळंल. माय गेली ते वाचायला जवळ यावं लागंल. हरीशभाऊ, तुमीच सांगा, ही खबर हाय का जाहिरात?

हरीश : माझी मशीन दोन्ही छापते, ताई. पण खरं सांगू? ज्याचा फोटो मोठा, त्याचा बोर्ड.

विश्वंभर : तुमाला बोलायला काय जातंय? पंचायतीत शिपायाची जागा निघून राहिली. आण्णांनी शब्द दिलाय मला.

शिला : मायच्या तेरवीवर?

विश्वंभर : तसं न्हाई गं.

शिला : मंग कसं?

हरीश : विश्वंभरराव, मायचा दुसरा फोटो न्हाई का? यात कोणाचा तरी हात आलाय. साडी धरलेली.

विश्वंभर : आण्णांच्या साडीवाटपातला हाय. दुसरा न्हाईच तिचा.

शिला : दम लागून राहिला होता तिला. नको म्हणत होती. तूच नेलंस.

विश्वंभर : ...हात काढा तो. चेहरा तेवढा ठिवा. मोठा करा. अजून.

हरीश : धुरकट होईल.

विश्वंभर : होऊ द्या. किती थकलेली दिसून राहिली... तवा ध्यानातच आलं न्हाई माझ्या.

हरीश : आता आण्णांना जागा न्हाई उरली.

विश्वंभर : काढून टाका त्यांना. बोर्ड लहान करा. मायचं नाव, गाव, तेरवीचा दिवस. बस.

शिला : आन् ते शिपायाचं?

विश्वंभर : अर्ज करीन. झालं तर झालं.

हरीश : खाली शोकाकुल म्हणून तुमचंच नाव ना?

विश्वंभर : पयलं शिलाचं टाका.

हरीश : लेकीचं पयलं? लोक इचारतील.

विश्वंभर : इचारू द्या. मायला दोन वर्षं कोणी उचलून बसवलं, ते सांगीन मी.