झाकणावरचं कडं

— शुद्धलेखनाकडं बघू नका, मॅडम. नववीत शाळा सुटली, ऱ्हस्व-दीर्घ सगळं अंदाजानंच हाय, आन शब्द बी साधेच — पण तुमी पुण्याहून ही मशीन तपासायला आलाय, तर तुमच्या रिपोर्टाला हा कागद जोडा. नुसता जोडा. न्हाय हो, पगारवाढीचा अर्ज न्हाय! गुलजारचाचांचं हाय. हितले वेल्डर. म्हंजे, होते — एकोणीस वर्षं. मला कळंबहून त्यांनीच आणलं, वेल्डिंगची टॉर्च धरायला त्यांनीच शिकवलं. माझा हात थरथरला की म्हणायचे, "रविराज, लेका, पोरगी बघायला आलायस व्हय?" मी लाजायचो, ते अजून हसायचे.

तुमाला मी काय सांगणार, तुमी ह्यातल्याच. पण मला समजलंय तेवढं म्हणून दाखवतो, चुकलं तर थांबवा. लेझर पत्र्यावर पडला की साखर सांडल्यागत ठिपके दिसतात. त्याचा एक फोटो. मग आतून जरा हवा भरायची, दुसरा फोटो. कॉम्प्युटर एकातून दुसरा वजा करतो, आन पट्टे उमटतात — पत्रा केसाच्या शंभराव्या भागाइतका फुगला तरी ह्याला कळतं. पट्टे सरळ आले तर जोड चांगला. मधीच गोल कडं उमटलं तर तितं कच्चा. बरोबर?

तर मागच्या पाडव्याला मशीन नवी आली. नारळ, पेढे, डेअरीचे साहेब लोक, आन पहिला जॉब म्हणून दुधाच्या टाकीचं झाकण — चाचांच्या हातचं. पट्टे आले, कसे सरळ, आखल्यागत — आन जोडाच्या कडेला कडं. तळहाताएवढं. आमचे ऋषिराज सर, मालकांचे चिरंजीव, म्हणाले, "वेल्ड कच्चा आहे." चाचा म्हणाले, "सर, एकवार परत लावा की." सर हसले — "चाचा, ही मशीन तुमची सोयरी नाही, तोंड बघून बोलायला." साहेब लोक बी हसले. का न्हाय लावलं परत? पाव्हण्यांसमोर नव्या मशीनला परत विचारायचं म्हंजे — कसं दिसतं ते!

हे बघा, हेच ते झाकण. मी शेडात पोत्याखाली ठिवलं होतं. आता तुमीच लावलंत, तुमीच फोटो घेतलेत — कुठाय कडं? न्हाय. थांबा, आता मी तळहात टेकतो. आठ, नऊ, दहा. काढला. घ्या पहिला फोटो. हवा भरा... थोडं थांबा... घ्या दुसरा. आलं? आलं का न्हाय! हाताची ऊब हाय ती, मॅडम. ऊबेनं पत्रा फुगतो, गार होताना बसतो, आन मशीन म्हणते जोड कच्चा. ती काय खोटं बोलत न्हाय, तिला विचारलंच न्हाय कुणी की हितं हात कुणी ठिवला.

कुणाचा म्हंजे? कागदात लिहिलंय की — "कुणाचातरी हात लागला." आमच्यात जॉब टेबलावर चढवला की त्याला हात लावून नमस्कार करायची रीतच हाय. सगळेच करतात. चाचा बिस्मिल्ला म्हणून थोपटायचे... न्हाय, त्या दिवशी चाचांनी न्हाय थोपटलं. ते लांब होते, पाव्हण्यांच्या मागं, नवा शर्ट घालून. झाकण मी चढवलं. मीच हात टेकून पाया पडलो. जरा जास्तच वेळ पडलो — म्हटलं चाचांचं काम हाय, चांगलं होऊ दे.

नंतर कळलं, मॅडम. नंतर, सफाई करताना — न्हाय. खोटं कशाला बोलू. तवाच कळलं. कड्याला आंगठ्याच्या बाजूनं फुगवटा होता, मला माझा हात वळखत न्हाय व्हय? तोंड उघडलं होतं मी. पण सर एम.टेक., समोर सगळे बुटातले, आन मी काय म्हणणार — मी पाया पडलो म्हणून बिघडलं? हसले असते मला. चाचांना हसले, ते चाललं मला.

संध्याकाळी चाचांनी हातमोजे टेबलावर ठिवले. कुणी काढलं न्हाय त्यांना, आपले आपणच. माझ्या पाठीवर हात ठिवून म्हणाले, "लेका, माझी नजर गेली असंल." नजर! पन्नाशीतला माणूस, अंधारात सुईत दोरा ओवायचा. आता भवानीनगरला रस्त्याकडंला छत्रीखाली बसून उसाच्या ट्रॉल्या जोडतो. आख्ख्या एमआयडीसीत कुणी घेत न्हाय — लेझरनं नापास केलेला वेल्डर म्हणतात. आन त्यांना बी तेच खरं वाटतंय. परवा गेलो होतो सांगायला. त्यांनी चहा पाजला, घरचं विचारलं. सांगितलं न्हाय मी. म्हणून तर हा कागद — तुमी लिहिलं तर ते मानतील, माझ्या तोंडानं...

हातमोजे ठिवले त्याच्या दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी काय — काय विचारता हो तुमी बी. आठला वर्कशॉप उघडतं, मी साडेसातलाच आलो होतो. सर म्हणाले, चाचांची जागा बघतोस का. त्यांचं हेल्मेट खुंटीला होतं. आतली पट्टी घामानं काळी झालेली, त्यांच्या डोक्याच्या मापाची. माझं डोकं बारीक हाय, मॅडम. मी ती पट्टी दोन भोकं आवळली, आन कामाला बसलो.