आईचे गुडघे

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत शाळेतल्या बाई गॅरेजच्या बाकावर एका आजींशेजारी टेकल्या. समोर जीपवाला आणि मिस्त्री यांची हुज्जत रंगली होती.

“एवढाले टायर हवेत, तर गाडी चार इंच उचलावी लागेल.”

“एकच इंच उचला. आईला चढवत नाही.”

“मग वळताना टायर घासणार. मडगार्डचा पत्रा कापावा लागेल.”

“कापा.”

“अहो, कोरी गाडी आहे!”

“आईच्या गुडघ्यांपुढे गाडी काय घेऊन बसलात? तिला डोंगरातल्या माहेरी न्यायचंय. बायकोलाही तेच सांगितलंय.”

मिस्त्रीने डोळे पुसले आणि कटर उचललं.

शेजारच्या आजी बाईंच्या कानाशी झुकल्या.

“माझं माहेर भर बाजारात आहे. डोंगरात याचे टवाळ मित्र जातात.”

“अगंबाई! मग थांबवा की त्यांना!”

“कशाला? पुढची सीट माझी ठरलीये.”