आवाज बंद ठेवलेली 'जयवंतवाणी'

मंडळी, आज मी देवासमोर एक संशय घेऊन उभा आहे. समोरचा माणूस मान डोलावतो, म्हणजे तो ऐकतो – असं कशावरून? हसू नका! ते बघा, पुढच्या रांगेतले अप्पा डोळे मिटून डोलतायत. समाधी लागलीय की डुलकी, ते त्यांचं त्यांना ठाऊक! तर ऐका.

फलटणला जयवंतराव धायगुडे नावाचे गृहस्थ. सारी नोकरी एसटी स्टँडवर, माईकसमोर. "पुण्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे!" – झालं, एक वाक्य. जास्त बोलले तर माणसाची गाडी चुकायची ना! उभ्या जन्माचं बोलणं पोटात साठलं, आणि निवृत्त झाल्याबरोबर धरण फुटलं! यांनी पॉडकास्ट काढला. म्हणजे काय? आपण खोलीचं दार लावून फोनसमोर बोलायचं, आणि जगानं आपापल्या फोनवर ते ऐकायचं. नाव – 'जयवंतवाणी'! आधी स्वतःची ओळख, मग मागच्या भागाचा सारांश, मग आज काय सांगणार त्याची प्रस्तावना... विषय येईपर्यंत ऐकणाऱ्याची भाजी करपायची!

लोक गळाले. कोण कुठवर थांबलं, ते फोनवर दिसतं म्हणे. पण एक माणूस दर भागाला शेवटपर्यंत हजर! कोण? घरचीच – बायको, मालनबाई. संध्याकाळी कानात फोनची ती बोंडं घालून परसदारच्या पायरीवर शेंगा सोलत बसायच्या. भाग संपला की उठायच्या, "छान झालं." जयवंतराव कृतार्थ! बायको ऐकतेय म्हणून पाय न वाजवता चालायचे, चहासुद्धा मागायचे नाहीत. आणि तिच्याखातर पुढचा भाग आणखी लांबवायचे! मागल्या साली मालनबाईंची धाकटी बहीण विमल वारली. तर यांनी काय करावं? 'शोक कसा आवरावा' – सव्वा तासाचा भाग! त्यालाही बाई म्हणाल्या, "छान झालं."

आणि एकदा गंमत झाली. सकाळी त्यांच्या जुन्या कंडक्टरचा फोन. "सायेब, कालच्या भागात आवाजच न्हाई! पार सुना!" माईक बंद राहिला होता, मंडळी! भाग तपासला नव्हता का? छे! स्वतःचं बोलणं परत ऐकायला यांना वेळ कुठाय? तो वेळ दुसऱ्यांनी काढायचा!

जयवंतरावांनी तिथंच फोन कापला. चूक झाली म्हणून नव्हे. काल संध्याकाळी मालन म्हणाली होती, "आज आवाज फार स्वच्छ आला हो."

आता सांगा, काय वाटलं असेल त्या माणसाला? संशय! एकदा शिरला की जेवणाची चव जाते. मालन दुसऱ्याचं ऐकते! कुणाचं? साताऱ्याचा तो पॉडकास्टवाला, मिठ्ठास आवाजाचा मास्तर? त्याला म्हणे हजारो ऐकतात! संध्याकाळी आमचे जयवंतराव पाण्याच्या पिंपाआड दबा धरून बसले. या वयात! बघतात तर बाई शेंगा सोलता सोलता गालात हसल्या. मग पदरानं डोळे पुसले. पुन्हा हसल्या! "माझ्या एकाही भागाला ही कधी रडली नाही," जयवंतराव पुटपुटले. तरातरा गेले, तिच्या कानातलं बोंड काढलं नि आपल्या कानात घातलं.

काहीच नाही! फोन पाहिला. 'जयवंतवाणी'च चालू होती – आवाज पार बंद.

"मालन, हे काय गं?"

बाई दचकल्या. पण खोटं बोलल्या नाहीत. "पहिले काही भाग ऐकले मी मनापासनं. मग ऐकवेना. पण अहो, हे कानात असलं की मला या घरात कुणी हाक मारत नाही. तुम्हीसुद्धा नाही. विमल गेली तेव्हा आल्यागेल्याचा चहा माझ्याकडे, स्वयंपाक माझ्याकडे. रडायला सवड कुठं होती? आता इथं बसते नि तिला आठवते."

"मग मला सांगायचं नाही होय?"

"कधी सांगू? तुम्ही थांबता कुठं?"

मंडळी, ज्या माणसानं गावाच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्याला घरातल्या माणसाची वेळ कधी कळली नव्हती. फार लागलं हो त्यांना. खालच्या पायरीवर बसले. जिभेवर शोकाचे तीन प्रकार आले – गिळले! एवढंच म्हणाले, "विमल... लहानपणी कशी होती गं?"

मालनबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "यावर भाग करणार आहात का?"

"नाही."

"फोन कुठाय तुमचा?"

जयवंतरावांनी खिशातला फोन काढला, बंद केला, आणि शेंगांच्या टरफलांत ठेवला. तेव्हा कुठे बाई बोलायला लागल्या. विमलला खोटं बोलता यायचं नाही, बोलली की उचकी लागायची. लोणच्याची फोड चोरली की सगळं घर तिच्या उचकीची वाट बघायचं... जयवंतरावांना मध्येच आपल्या काकाची उचकी आठवली. सांगितली का? नाही! ओठ दाबून बसले. पार अंधारून आलं, बाई बोलत होत्या, हसत होत्या, रडत होत्या. आणि हे ऐकत होते.

पॉडकास्ट बंद केला नाही हं त्यांनी. पण आता प्रत्येक भाग आधी स्वतः ऐकतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपल्याच प्रस्तावनेत घोरायला लागले होते! आता कंटाळा येईल तिथं कात्री. विषय पहिल्या वाक्यात. मालनबाई तो ऐकतात का? मला ठाऊक नाही. जयवंतरावांनीही विचारलेलं नाही.

आणि तुम्ही, मंडळी? तुमच्या घरी रोज कुणीतरी तुमच्यापुढे मान डोलावतं. त्या मानेवर फार विश्वास ठेवू नका! आज घरी जा, त्या माणसाशेजारी बसा, विचारा – "तुला काय सांगायचं राहिलंय?" देवळातला देव आपलं सगळं मुकाट ऐकतो, कारण तो दगडाचा आहे. घरातलं माणूस दगडाचं नाही. त्याचं ऐकलंत, की देवाला पोचलं समजा.

वाजवा टाळी, घ्या हरीचं नाव – आणि उठा! घरी कुणीतरी वाट बघतंय.